समोरच्याच्या नावापुढे फुली

नॉरबी
१७ ऑक्टोबर १९५४

प्रिय सिग्ने,

घसा पूर्ण बसलाय. बोलता येत नाही म्हणून लिहितोय, नाहीतर फोनच केला असता. काल तिसाव्या गावातलं भाषण झालं. सभागृहात चाळीस माणसं होती आणि त्यातली निम्मी केक-कॉफीसाठी आलेली. चालतं. केक खाताना कान मोकळे असतात.

मी त्यांना विचारलं, रस्त्यावर खडी टाकणाऱ्या खात्यावर तुम्ही माणूस निवडता. कुणी अपघातात मेलं तर चौकशी करणारा अधिकारीही निवडता. मग तुमच्या मुलांनी काय शिकायचं आणि कोणत्या शाळेला टाळं लागायचं हे ठरवणाऱ्या राज्य शिक्षण मंडळावर सात माणसं आहेत, त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव सांगा. सांगणार कुठून? राज्यपाल आपल्या ओळखीतले सात सद्गृहस्थ नेमतो. ते राजधानीत जाड गालिच्यावर बसतात आणि आपल्या पोरांचं भवितव्य जेवणाआधी आटपून टाकतात.

मागून तो म्हातारा एकमन म्हणाला, "आर्विड, आम्ही निवडून दिलेला माणूस गाढव निघाला तर?" मी म्हटलं, "निघेल. पण ते आपलं गाढव असेल, आणि चार वर्षांनी त्याला हाकलायचं आपल्या हातात असेल." हशा झाला. मला वाटतं, त्या हशात दहा-बारा मतं पडली.

हे सात जण लोकांनी निवडायचे का, हा प्रश्न २ नोव्हेंबरला मतपत्रिकेच्या अगदी तळाशी आहे. लोक वरची मोठी नावं बघून थकतात आणि तळापर्यंत पोचतच नाहीत. तू पोच. विल्बरला आणि तुझ्या सासऱ्यांनाही पोचव. टिल्डा कशी आहे?

तुझा,
आर्विडमामा


ओस्टर क्रीक
२४ ऑक्टोबर १९५४

प्रिय आर्विडमामा,

मध घालून गरम पाणी पी आणि चार दिवस कुणाशीही बोलू नकोस. दुसरं तुला जमणार नाही हे मला माहीत आहे.

टिल्डा मजेत आहे. सात पूर्ण झाली. दर शुक्रवारी विल्बर ट्रक घेऊन हार्लोला तिच्या निवासी शाळेत जातो आणि तिला घेऊन येतो. अकरा मैल. ट्रकमधून उतरायच्या आधीच तिचे हात सुरू होतात. आठवडाभरात शाळेत काय काय झालं ते सगळं मला खुणांनी सांगून होईपर्यंत ती कोटसुद्धा काढत नाही. दोन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले तेव्हा मला वाटलं होतं, ही पोर आयुष्यभर गप्प राहणार. आता विल्बर म्हणतो, घरात सगळ्यात बडबडी तीच.

म्हणूनच तुला एक विचारायचंय. हार्लोची बहिऱ्या मुलांची शाळा बंद करून सगळ्यांना राजधानीतल्या मोठ्या शाळेत हलवायचा बेत मंडळासमोर दोनदा आला होता. दोन्ही वेळा डॉक्टर लॅथ्रपनी तो अडवला. डॉक्टर मंडळावर आहेत ते राज्यपालानं नेमलं म्हणून. बहिऱ्या मुलांची माहिती असलेला एक तरी माणूस मंडळावर ठेवायचा, असं आजवरचे सगळे राज्यपाल पाळत आले. निवडणूक झाली तर डॉक्टरांना कोण निवडून देईल, मामा? ते लोकांशी बोलतानाही स्वतःच्या बुटांकडे बघतात.

राजधानी दोनशे दहा मैलांवर आहे. तिथली मुलं नाताळला आणि उन्हाळ्यात, अशी वर्षातून दोनदाच घरी येतात.

मी 'होय'वरच फुली मारीन. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, तुझ्याविरुद्ध हात उठणार नाही. पण भीती वाटते ती वाटतेच.

तुझी,
सिग्ने


नॉरबी
१० नोव्हेंबर १९५४

प्रिय सिग्ने,

जिंकलो. वीस वर्षं लागली, पण जिंकलो. सत्तर ओलांडलेला माणूस अंगणात नाचला तर शेजारी काय म्हणतील याचा विचार मनात आला, पण नाचून झाल्यावर.

तुझ्या भीतीचं उत्तर देतो. एका राज्यपालाच्या मर्जीवर टिकलेली शाळा टिकलेली नसते. ती फक्त अजून पडलेली नसते. उद्या दुसरा राज्यपाल येईल, तो डॉक्टरांच्या जागी आपल्या मेव्हण्याला नेमील, आणि तेव्हा तू कुणाच्या दारात जाशील? आता दार तुझं आहे. डॉक्टर चांगले आहेत, मी नाकारत नाही. पण चांगला मालक मिळाला म्हणून कुणी नोकर राहू नये.

हार्लोच्या शाळेसाठी डॉक्टरांपेक्षा मोठा आवाज मी उभा करून देतो. हा शब्द.

आर्विडमामा


नॉरबी
१९ फेब्रुवारी १९५६

प्रिय सिग्ने,

शब्द दिला होता, तो पाळायची वेळ आली. नोव्हेंबरमध्ये पहिली निवडणूक. तुमच्या विभागातून डॉक्टर उभे राहणार नाहीत, तब्येतीचं कारण सांगतात. हार्लोतला लाकडाच्या वखारीचा मालक रॉय पिकरिंग उभा राहतोय. तो उघड म्हणतो की एवढ्याशा राज्यात बहिऱ्यांसाठी दोन शाळा कशाला, एकच चांगली करू.

त्याच्यासमोर तू उभी राहा.

नाही म्हणण्याआधी पुढचं वाच. तू पाच वर्षं शाळेत शिकवलंयस. तुझी मुलगी तिथे आहे. सातही विभागांत फिरलो तर सहा जागांचा अंदाज आला. तीन आपल्या बाजूचे, तीन त्यांच्या. सातवी जागा तुमची. तू निवडून आलीस तर शाळा राहील. इतकं सरळ आहे ते.

आर्विडमामा


ओस्टर क्रीक
२६ ऑगस्ट १९५६

प्रिय आर्विडमामा,

आमच्या विभागातले हे नऊ परगणे तू नकाशावर बघितलेस. मी ते पायाखाली घातले. परवा जत्रेत सकाळपासून दुपारपर्यंत उभी होते. लोकांना हात मिळवून 'मला मत द्या' म्हणायचं असतं. माझ्या तोंडून ते निघतच नाही. मी म्हणते, 'हार्लोच्या शाळेला मत द्या.' एका बाईनं विचारलं, शाळा कधीपासून निवडणुकीला उभी राहायला लागली?

पिकरिंगही तिथेच होते. तुला आवडणार नाही, पण माणूस सज्जन आहे. माझं पत्रकांचं खोकं जड होतं, ते त्यांनी उचलून ट्रकपर्यंत आणलं. टिल्डाला गुडघ्यावर बसून नमस्कार केला, तोंड तिच्यासमोर धरून, हळू बोलून. बहुतेकांना एवढंही कळत नाही. टिल्डानं त्यांच्या टोपीचं कौतुक केलं. तिला काय माहीत, हा कोण.

शाळेत तिच्या वर्गाला मतदान शिकवलंय. डाव्या हाताची मूठ करायची, ती पेटी. उजव्या चिमटीनं त्यात कागद टाकायचा. दिवसातून दहादा मला ती खूण करून दाखवते आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवते. माझ्यासाठी टाक.

सिग्ने


ओस्टर क्रीक
९ नोव्हेंबर १९५६

मामा,

हरले. पिकरिंग ११,२१४. मी ११,२०९.

टिल्डाला शुक्रवारी सांगायचंय. आज शुक्रवार आहे.

सिग्ने


नॉरबी
१४ नोव्हेंबर १९५६

प्रिय सिग्ने,

पाच मतं. मी तो आकडा कागदावर लिहून भिंतीला लावलाय.

तुमच्या विभागात राष्ट्राध्यक्षासाठी मत देणाऱ्यांपैकी सहा हजार माणसांनी शिक्षण मंडळाची जागा कोरी सोडली. सहा हजार. हातात पेन्सिल होती, कागद समोर होता, चार बोटं खाली यायचं होतं. ज्या हक्कासाठी मी घसा फोडला तो त्यांनी टेबलावर तसाच ठेवला आणि घरी जाऊन जेवले.

पण पाचाचा फरक मला पचत नाही. आणि ऐक, हार्लोच्या मतमोजणी केंद्रावर बसलेला एक कारकून पिकरिंगच्या वखारीत हिशेब लिहायला जातो. मी फेरमोजणीचा अर्ज टाकलाय. तू नुसती सही कर.

आर्विडमामा


ओस्टर क्रीक
३० नोव्हेंबर १९५६

प्रिय आर्विडमामा,

फेरमोजणी झाली. आकडा तोच. पाच.

आता पुरे कर. तुझ्या छातीत दुखतं असं तुझ्या शेजारच्या कर्स्टननं लिहिलंय. आपल्या स्वीडिश लोकांत हरल्यावर समोरच्याचा हात हातात घेऊन घरी जातात. मी घेतला. तूच शिकवलंयस.

सासरे बरे आहेत. विल्बर कामात असतो.

सिग्ने


नॉरबी
६ डिसेंबर १९५६

प्रिय सिग्ने,

पुरे करणार नाही. २० तारखेला हार्लोच्या सभागृहात माझं भाषण ठरलंय. मी पिकरिंगचं नाव घेणार, कारकुनाचंही. पुरावा मागतील तर म्हणेन, आकडाच पुरावा आहे. वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की मतपेटी खोटं बोलत नाही. तिला कुणी खोटं बोलायला लावलं असेल तर मी मरण्याआधी तो माणूस सगळ्यांसमोर उभा करीन.

तुझ्या पत्रात काहीतरी नाही. विल्बर कामात असतो, असं तू कधी लिहीत नाहीस. तू लिहितेस, विल्बरनं हे केलं, विल्बर ते म्हणाला.

आर्विडमामा


ओस्टर क्रीक
११ डिसेंबर १९५६

प्रिय आर्विडमामा,

त्या सभागृहात जाऊ नकोस. ते लोक निर्दोष आहेत. तुला सांगायचं नव्हतं, पण आता एका भल्या माणसाची बदनामी होणार, म्हणून सांगते.

मतदानाच्या दिवशी सकाळी नाश्त्याला आम्ही तिघं बसलो होतो. विल्बर, सासरे, मी. सासरे म्हणाले, "मग, पिकरिंगनाच ना?" प्रश्न नव्हता तो. गावच्या शाळेच्या वार्षिक सभेत विश्वस्त निवडतात तेव्हा जसं करतात तसंच. सरबताच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, आणि जो उभा असेल त्यानं आणि त्याच्या घरच्यांनी समोरच्याचं नाव लिहायचं. स्वतःच्या नावापुढे स्वतःच फुली मारणं, किंवा आपल्या बायकोच्या, म्हणजे सगळ्यांसमोर स्वतःच्या ताटात मोठा तुकडा ओढून घेणं. समोरचाही तेच करतो, म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. ओस्टर क्रीकमध्ये मला आठवतं तेव्हापासून असंच.

विल्बरनं कप खाली ठेवला. म्हणाला, "आणि टिल्डाचं काय?" मी म्हटलं, "बावीस हजार माणसं मत देतायत, आपल्या तिघांनी काय होतं? आणि मी तिथे पडद्याआड काय केलं हे मला तर कळेल ना." त्याचा स्वभाव तुला ठाऊक आहे. मी ठरवलं की तो वाद घालत नाही.

आम्ही तिघांनी पिकरिंगच्या नावापुढे फुली मारली.

निकालानंतर मी त्यांचा हात हातात घ्यायला वखारीत गेले. ते हसून म्हणाले, "बाई, माझ्या घरची चार मतं होती म्हणून वाचलो." त्यांना वाटलं, मी पण हसेन. मी हसले. त्यांना आपली रीत माहीत नाही. ते शहरातले. त्यांनी काहीच वाईट केलं नाही, मामा. सगळे जे करतात ते केलं.

तीन मतं तिकडून इकडे काढून ठेव. ११,२११ आणि ११,२१२. मी एका मतानं जिंकते.

विल्बरनं हा हिशेब माझ्याआधी केला होता. तो काही बोलला नाही. अजूनही बोलत नाही. रागावतही नाही. सकाळी कॉफी ओतून देतो, ट्रक काढतो, संध्याकाळी येतो. ओरडला असता तर बरं झालं असतं.

सिग्ने


नॉरबी
२ जानेवारी १९५७

प्रिय सिग्ने,

तुझं पत्र आल्यापासून तीन वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. एकात तुला बोललो होतो. दुसऱ्यात तुझ्या सासऱ्यांना. तिसऱ्यात सगळ्या स्वीडिश लोकांना आणि त्यांच्या नम्रतेला. मग मला आठवलं.

१९२९. ओस्टर क्रीकची एका खोलीची शाळा, मास्तर मी. आम्ही वर्गप्रमुख निवडला. तू आठ वर्षांची, तू उभी राहिलीस आणि तुझ्या चिठ्ठीवर तुझंच नाव लिहिलंस. मी चिठ्ठ्या मोजल्या, तुझं अक्षर ओळखलं. सगळ्यांसमोर ती चिठ्ठी वर धरली आणि विचारलं, हे कुणाचं अक्षर? तू रडलीस. मी म्हटलं, सभ्य माणूस समोरच्याच्या नावापुढे फुली मारतो आणि आपलं इतरांवर सोडतो.

सगळी शाळा हसली. मला त्या वेळी फार हुशारीचं बोललो असं वाटलं होतं.

तू विसरली नाहीस. मुलं मास्तरांचं ऐकत नाहीत अशी मी आयुष्यभर तक्रार केली. एकीनं ऐकलं.

२० तारखेला मी हार्लोला गेलो. सभा रद्द करता आली नाही, पत्रकं वाटून झाली होती. पिकरिंग पहिल्याच रांगेत बसले होते, बायकोसकट. मी व्यासपीठावर उभा राहिलो आणि म्हणालो की मतमोजणीबद्दल मी जो संशय घेतला तो चूक होता आणि मी श्री. पिकरिंग यांची आणि त्या कारकुनाची माफी मागतो. का, ते सांगितलं नाही. खाली उतरलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. टाळ्या मात्र भरपूर मिळाल्या, लोकांना मी मोठ्या मनाचा वाटलो.

मला क्षमा मागायची आहे. पत्रात जमत नाही.

मामा


नॉरबी
१४ एप्रिल १९५७

प्रिय सिग्ने,

तू येऊ शकली नाहीस ते बरं झालं. मी राजधानीत मंडळाच्या त्या बैठकीला होतो. गालिचा अजून तोच आहे.

बाहेरच्या माणसाला तीन मिनिटं बोलायला देतात. मी टिल्डाबद्दल बोललो. अकरा मैल आणि दोनशे दहा मैल. कोट काढायच्या आधी हात सुरू होतात ते. घंटी वाजली तेव्हा माझं वाक्य अर्धं होतं. अध्यक्ष सौजन्यानं म्हणाले, पूर्ण करा. मला पुढचे शब्द सापडले नाहीत. मला, सिग्ने.

चार विरुद्ध तीन. हार्लोची शाळा मे महिन्याअखेर बंद.

बाहेर पिकरिंगनं मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "मास्तर, मी निवडणुकीआधी लोकांना जे सांगितलं तेच केलं. दुसरं केलं असतं तर तुम्हीच मला लबाड म्हटलं असतं." ते खरं बोलत होते. वीस वर्षं मी जे मागितलं ते हेच. उघड सांगायचं, निवडून यायचं, सांगितलं तसं करायचं. माझ्या स्वप्नातला सभासद माझ्यासमोर उभा होता आणि त्यानं आत्ताच तुझं घर मोडलं होतं.

मी अजूनही म्हणतो की निवडणूकच हवी. कुणी उद्या ती काढून परत राज्यपालाकडे द्यायला निघाला तर मी पुन्हा तीस गावं फिरेन. माझं मत बदललं असतं तर मला सोपं गेलं असतं.

डॉक्टर लॅथ्रप मागच्या बाकावर बसून होते. बुटांकडे बघत.

मामा


ओस्टर क्रीक
१० सप्टेंबर १९५७

प्रिय आर्विडमामा,

काल टिल्डाला राजधानीत सोडून आलो. रस्त्यात एका गावी थांबून आम्ही तिला आइस्क्रीम घेऊन दिलं. तिनं ते संपवलं नाही.

शाळा चांगली आहे, मला मान्य केलं पाहिजे. खिडक्या मोठ्या. जेवणाची वेळ झाली की भिंतीवरचा दिवा उघडझाप करतो, घंटेऐवजी. तिच्या खोलीत सहा पलंग आहेत. तिच्या उशीजवळ मी निळी गोधडी ठेवली.

विल्बर तिची पेटी वर आणत होता, तेव्हा आम्ही दोघीच होतो. तिनं मूठ केली, चिमटीनं कागद टाकला, छातीवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे बोट केलं. त्या दिवशी तू माझ्यासाठी टाकलंस ना?

हो म्हणून मान हलवायला काय लागतं, मामा. मी हलवली नाही. ती दहा वर्षांची आहे, आता कोणाचा चेहरा काय सांगतो ते तिला आपल्यापेक्षा चांगलं वाचता येतं. मी खुणांनी सांगितलं, नाही. त्या टोपीवाल्या काकांना टाकलं. आपल्याकडे स्वतःला टाकत नाहीत.

तिनं विचार केला. मग विचारलं, त्यांनी कुणाला टाकलं?

स्वतःला.

पपांनी?

टोपीवाल्यांना.

आजोबांनी?

टोपीवाल्यांना.

तिनं तीन बोटं वर केली होती. एकेक करून तिन्ही मिटली. मग ती मूठ तशीच माझ्यासमोर धरली आणि विचारलं, मग आपल्या घरातून माझ्यासाठी कुणी टाकलं?

दिवा उघडझाप करायला लागला. मुली जिन्याकडे धावल्या. एकीनं टिल्डाचा हात धरला आणि तीही गेली. रागावून नाही, मामा. भूक लागली होती तिला.

परतीच्या वाटेवर साठ मैल गेल्यावर विल्बर बोलला. दहा महिन्यांत पहिल्यांदा आपणहून. त्यानं विचारलं, "मी पेटी आणत होतो तेव्हा ती काय विचारत होती? बोटं मोजत होती." मी म्हटलं, नाताळला किती आठवडे राहिले ते मोजत होती. तो म्हणाला, "पंधरा." आणि मग घरापर्यंत तो बोलत राहिला, नाताळला तिच्यासाठी काय काय करायचं त्याबद्दल. घसरगाडी रंगवणार आहे. लाल.

तू नाताळला येशील तेव्हा त्याला खरं सांगू नकोस.

तुझी,
सिग्ने